वजनाचे बोल आणि आईचे दूध

नंदुरबार, शहादा, तळोद्याच्या बाजारपेठांत वजनाचा हिशेब चोख असतो. मिरचीचे पोते काट्यावर चढले की शंकेला जागा उरत नाही. मात्र याच पेठांतील अनेक घरांत गर्भवती सुनेचे वजन जिभेवर तोलले जाते. नऊ महिने ‘दोन जिवांची आहेस, खा’ म्हणून तुपाची वाटी पुढे केली जाते आणि बाळंतपणानंतर ‘किती सुटलीस’ असे चारचौघांत म्हटले जाते. बोलणाऱ्याच्या मनात वैर नसते. ऐकणारीच्या मनातून मात्र तो शब्द जात नाही. त्याचा परिणाम बाळाच्या दुधापर्यंत पोहोचतो, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

प्रसूतीनंतर वार पडली की शरीरातील प्रोजेस्टेरॉन उतरते आणि साधारणतः दुसऱ्या ते चौथ्या दिवशी दूध भरून येते. तोपर्यंत येणारा पिवळसर चीक थोडा असला तरी नवजात बालकाला तेवढाच पुरतो. स्थूल मातांमध्ये दूध भरून येण्यास कधी कधी अधिक वेळ लागतो. सिझेरियन झाले असल्यासही तसे घडते. हा विलंब म्हणजे असमर्थता नव्हे. पहिल्या तासातच बाळाला छातीशी घेणे, चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणे आणि गरज भासल्यास हाताने दूध काढणे, या उपायांनी बहुतेक मातांना यश येते.

परंतु याच नाजूक दिवसांत ‘एवढे शरीर आणि दूध नाही?’ असा प्रश्न कानी पडला, तर ती संकोचते. पाहुण्यांसमोर पाजणे टाळते, अडचण डॉक्टरांनाही सांगत नाही. मनावर ताण असला की पान्हा सोडणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या कार्यात अडथळा येतो. गरोदरपणात वजनावरून अवहेलना सोसलेल्या स्त्रियांमध्ये नैराश्य अधिक व स्तनपान कमी, असा संबंध काही अभ्यासांत आढळला आहे. मग घरात दुधाच्या पावडरीचा डबा येतो. बाळ कमी ओढू लागते आणि दूध खरोखरच कमी होते. अशा पावडरीच्या जाहिरातीस १९९२ च्या कायद्याने बंदी केली आहे, हे औषधविक्रेत्या कुटुंबांना ठाऊक असतेच.

याच जिल्ह्यात सातपुड्याच्या कुशीतील अक्राणी आणि अक्कलकुवा येथील कृश मातेच्या वाट्याला उलटा बोल येतो: ‘हिच्या अंगात दूध कुठून येणार?’ वास्तविक कृश मातेलाही बहुधा पुरेसे दूध येते; झीज होते ती तिच्या स्वतःच्या शरीराची. म्हणून तिला आहार हवा. २०१५ पासून राज्याच्या आदिवासी भागांत गर्भवती व स्तनदा मातांना अंगणवाडीतून एक वेळचे चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना त्यासाठीच आहे. दोघींच्याही शरीराकडे बोट दाखवल्याने बाळाचे पोट भरत नाही.

वजनाकडे दुर्लक्ष करावे, असा याचा अर्थ नाही. अतिरिक्त वजनाने मधुमेह व रक्तदाब यांचा धोका वाढतो. मात्र तो विषय डॉक्टरांच्या खोलीतला आहे, ओसरीवरचा नव्हे. घरातील वडीलधाऱ्यांनी लक्ष ठेवावे ते बाळाच्या वजनावर. पहिल्या काही दिवसांत ते थोडे घटते आणि साधारण दोन आठवड्यांत जन्मवेळेइतके होते. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा अधिक वेळा लघवी होत असेल, तर दूध पुरत आहे असे समजावे. तसे नसेल, तर विनाविलंब वैद्यकीय सल्ला घ्यावा.

सासूबाईंनी डिंक-मेथीचा लाडू अवश्य द्यावा. पण त्यासोबत टोमणा नसावा. पाजताना पाठीला उशी लावणे, पाण्याचा तांब्या जवळ ठेवणे, रात्री बाळाला तासभर सांभाळून तिला झोपू देणे, ही खरी मदत होय. मन, वचन आणि काया या तिन्हींनी कोणास न दुखावण्याचा संस्कार ज्या घरांत बालपणापासून होतो, तेथे बाळंतिणीच्या खोलीत त्या संस्काराची सर्वाधिक गरज आहे.