हिशेबवही : तीन अक्षरांचे नाव



व्हिडिओ गेमची पार्लरे बंद पडू लागली तेव्हा आपल्या वस्त्यांतील किती आयांनी सुटकेचा निःश्वास सोडला असेल! पोरे शाळा बुडवून तिथे बसत, वाण्याकडे दिलेल्या पैशातला रुपया तिथे जाई, दाराशी सिगारेट ओढणारे टोळके उभे असे. या तक्रारी खऱ्या होत्या आणि त्या फक्त आपल्याच नव्हत्या. अमेरिकेत टेक्सास राज्यातील मेस्किट या शहराने सतरा वर्षांखालील मुलांना पालक सोबत असल्याशिवाय ही यंत्रे खेळण्यास मनाई केली होती. ते प्रकरण १९८२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तेव्हा पार्लरचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. पण ती जागा गेली म्हणजे नेमके काय गेले, याचा हिशेब मांडला पाहिजे. हा धंदा अमेरिकेत जन्मला आणि जपानमध्ये फोफावला, म्हणून हिशेबही तिथलाच घेऊ.

१९७२ साली अटारी कंपनीने ‘पाँग’ नावाचे यंत्र कॅलिफोर्नियातील सनीव्हेल गावच्या एका दारूच्या गुत्त्यात ठेवले. काही दिवसांत ते बंद पडले. उघडून पाहतात तो बिघाड काहीच नाही, नाण्यांची पेटी भरून नाणी अडकली होती! पुढे जपानच्या ताइतो कंपनीचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ १९७८ मध्ये आला आणि नामकोचा ‘पॅक-मॅन’ १९८० मध्ये. ‘स्पेस इन्व्हेडर्स’मुळे जपानमध्ये शंभर येनच्या नाण्यांची टंचाई झाली असे अजून सांगितले जाते. ज्याने कधी रोकडवही लिहिली आहे तो यावर हसेल. पेटीतले नाणे दुसऱ्या दिवशी बँकेत जाते, ते काय यंत्राच्या पोटात राहते? पण उलाढाल मोठी होती यात शंका नाही. एकट्या १९८१ सालात अमेरिकनांनी या यंत्रांत २,००० कोटी नाणी टाकली, असे ‘टाइम’ साप्ताहिकाने छापले होते. पंचवीस सेंटचे एक नाणे धरले, तर ही रक्कम ५०० कोटी डॉलर होते.

मग हा खेळ घरात शिरला. अटारीचे घरी टीव्हीला जोडायचे यंत्र १९७७ मध्ये सुमारे २०० डॉलरला आले. १९८० मध्ये त्यावर ‘स्पेस इन्व्हेडर्स’ खेळता येऊ लागला आणि त्याचा खप एकदम वाढला. निन्टेन्डोचे ‘फॅमिकॉम’ जुलै १९८३ मध्ये जपानमध्ये विक्रीस आले, त्याची किंमत १४,८०० येन. पार्लरमध्ये एका डावाला शंभर येन, म्हणजे १४८ डावांत यंत्र वसूल! मुलाच्या नादाने वैतागलेल्या मध्यमवर्गीय बापाला हा व्यवहार फायद्याचाच वाटला असणार.

पण वाणिज्य शाखेचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही इथे थांबेल. एक नाणे हा चालू खर्च आहे आणि १४८ नाणी एकरकमी मोजणे हा भांडवली खर्च आहे. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाच्या खिशात पहिले असते, दुसरे नसते. शिवाय यंत्र घेतले तरी टीव्ही हवा, नवा खेळ हवा असेल तर पुन्हा पैसे हवेत. गरीब पोराला जो खेळ एका नाण्यात मिळत होता, त्याच्या दाराशी आता पूर्ण किमतीची पावती मागितली जाऊ लागली.

पार्लरवाला तरी काय करणार होता? त्याचा गळा त्या नाण्यानेच धरला होता. चहावाला पाच रुपयांचा चहा सहा रुपयांना करतो, यंत्राच्या फटीत मात्र एकच नाणे जाते. १९८० पासून १९९५ पर्यंत अमेरिकेतील महागाई पावणेदोन पटीहून अधिक वाढली, आणि कित्येक यंत्रे तरीही त्याच पंचवीस सेंटवर चालत राहिली. जपानमध्ये तर गंमतच झाली. एप्रिल १९८९ मध्ये तिथे ३ टक्के उपभोग कर आला. तो १९९७ मध्ये ५, २०१४ मध्ये ८ आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये १० टक्के झाला. गिऱ्हाईक शंभराचे नाणेच टाकणार, वरचे दहा येन कुठून मागायचे? कर मालकाच्या पदरचा. शंभरातले सुमारे ९१ येन हाती उरतात, आणि भाडे, वीज, पगार त्यातून.

१९९१ मध्ये कॅपकॉमच्या ‘स्ट्रीट फायटर २’ने पार्लरांना पुन्हा जीव दिला, कारण त्यात यंत्राशी नव्हे, शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी झुंज होती. पण पुढच्याच वर्षी त्याची घरगुती आवृत्ती निघाली आणि ती साठ लाखांहून अधिक खपली. डिसेंबर १९९४ मध्ये सोनीचे ‘प्लेस्टेशन’ आले. ‘टेक्कन’ हा पार्लरमधला खेळ ज्या यंत्रावर चाले, त्याची आतली रचना प्लेस्टेशनवरच बेतलेली होती. बाहेरचे नि घरचे यंत्र आतून एकच झाल्यावर बाहेर कोण जाणार? नाचण्याचे पाट, मोटारीच्या बैठका अशी घरात न मावणारी महागडी यंत्रे आणून मालकांनी काही वर्षे तग धरला. पुढे इंटरनेटने प्रतिस्पर्धीही घरी आणून दिला आणि शेवटी करोना आला. टोकियोतील अकिहाबारा येथील सेगाची मोठी इमारत ऑगस्ट २०२० मध्ये बंद झाली. त्याच वर्षअखेर सेगाने आपल्या खेळघरांच्या कंपनीचे ८५.१ टक्के भाग विकले आणि जानेवारी २०२२ मध्ये उरलेलेही देऊन टाकले.

हा झाला पैशांचा हिशेब. दुसरा हिशेब आपल्या जिव्हाळ्याचा आहे.

१९७९ च्या ‘ॲस्टेरॉइड्स’ या यंत्रात अधिक गुण मिळवणाऱ्याला आपले नाव लिहिता येई. जागा किती? तीन अक्षरे. आडनाव लिहायची सोयच नाही! बापाचा धंदा नाही, गाव नाही, मोहल्ला नाही. पुढचा डाव आपला, हे सांगायलाही तोंड उघडावे लागत नसे. यंत्राच्या कडेवर आपले नाणे ठेवायचे, की पाळी लागली. ज्या समाजाने आडनावावरून पाण्याचा पेला वेगळा ठेवलेला पाहिला आहे, त्याला या तीन अक्षरांची किंमत समजावून सांगावी लागू नये.

करमणुकीची जागा ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. मार्टिन ल्यूथर किंग यांनी एप्रिल १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून जे पत्र लिहिले, त्यात सहा वर्षांच्या मुलीची हकीकत आहे. टीव्हीवर जाहिरात पाहून ती ‘फनटाउन’ला जायचा हट्ट धरते आणि ते काळ्या मुलांना बंद आहे हे बापाला सांगावे लागते. पुढच्याच वर्षीच्या नागरी हक्क कायद्याने करमणुकीच्या जागांची ती दारे उघडली. आपल्या संविधानाने हे त्याआधीच केले होते. कलम १५ (२) मध्ये दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांच्या बरोबरीने सार्वजनिक करमणुकीच्या जागाही आहेत, आणि लगेच पुढच्या उपखंडात विहिरी आणि तलाव. चवदार तळ्याच्या शेजारीच खेळाची जागा आहे, हे आपण कितीदा वाचतो?

हे कलम दिवाणखान्यात मात्र जात नाही. तिथे कोणाला बोलवायचे हा घरमालकाचा प्रश्न. यंत्र घरात गेले आणि खेळ आमंत्रणाचा झाला. कोणाच्या मुलाला बोलावणे येते, कोणाला दारातूनच “तो अभ्यास करतोय” असे सांगितले जाते, हे आपल्या इमारतींत राहणाऱ्या वाचकांना ठाऊक आहे.

ज्या न्यूयॉर्कमध्ये बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात शिकले, त्याच शहरातल्या चायनाटाउनमध्ये ‘चायनाटाउन फेअर’ नावाचे एक खेळघर होते. अंधारे आणि कळकट. तिथे काळी, चिनी, लॅटिन अमेरिकन कुटुंबांतील पोरे एका यंत्रासमोर खांद्याला खांदा लावून उभी राहत. ते २०११ मध्ये बंद झाले. २०१२ मध्ये त्याच जागी पुन्हा उघडले ते लहान मुलांच्या कुटुंबांसाठी, स्वच्छ आणि झगमगीत. जुने खेळाडू तोवर ब्रुकलिनमध्ये पांगले होते. तिथे जुन्या व्यवस्थापकाने दुसरी जागा काढली होती.

एक गोष्ट मात्र पार्लरच्या बाजूने बोलणाऱ्यांनी विसरू नये. ती समता मुलांपुरतीच होती. ‘पॅक-मॅन’ घडवणाऱ्या तोरू इवातानी यांना बायकाही याव्यात असा खेळ हवा होता; इतका तो पुरुषांचा अड्डा होता. आपल्याकडे तर मुलगी पार्लरच्या पायरीवर दिसली तरी घरी चौकशी होई. घरातल्या यंत्राने मुलींच्या हाती निदान भावानंतरचा डाव तरी दिला.

आता पार्लर परत येणार नाही. पण ज्या विहारांत सभागृह आहे, टीव्ही आहे, तिथे वर्गणीतून एक जुने यंत्र घेता येईल. रविवारी वंदना आणि अभ्यासिका आटोपल्यावर दोन तास. दाराशी पाळीची वही ठेवावी, शेजारच्या चाळीतल्या कोणत्याही मुलाला येऊ द्यावे, पहिला अर्धा तास मुलींचा. वहीत नाव लिहिताना तीनच अक्षरे.