तीन उपचार, एकच नोंद

प्रति,
अमेरिकन मेडिकल असोसिएशनची सीपीटी समिती आणि मेडिकेअर-मेडिकेडचा कारभार पाहणारे सीएमएस कार्यालय



न्यू जर्सीतल्या एका बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात मी बिलिंगचे काम करते. दम्याचा झटका आलेले मूल येते तेव्हा त्याला धड बोलता येत नसते, श्वासागणिक बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते. नर्स अल्ब्युटेरॉलची तीन मिलीची कुपी नेब्युलायझरमध्ये ओतते, आई मास्क धरून बसते. औषध संपले की डॉक्टर छाती तपासतात, बोटावरचा ऑक्सिमीटर बघतात आणि बरेचदा पुन्हा द्यायला सांगतात. हे त्यांच्या मनचे नाही. पहिल्या तासात दर वीस मिनिटांनी, तीन वेळांपर्यंत औषध द्यावे, असे फेडरल सरकारच्याच 2007च्या दमा मार्गदर्शिकेत आहे.

आता बिल करायला बसावे. त्याच दिवशी पुन्हा उपचार दिला तर नेब्युलायझर उपचाराच्या 94640 या कोडला 76 हा मॉडिफायर, म्हणजे पुन्हा दिलेल्या उपचाराची खूण, जोडा, असे सीपीटी ही बिलिंग कोडची यादी सांगते. कोडचा चुकीचा वापर रोखणारी सीएमएसची एनसीसीआय नियमावली मात्र सांगते की रुग्ण आल्यापासून जाईपर्यंत उपचार कितीही वेळा द्या, कोड एकदाच लावा. सलग उपचारासाठी 94644 आहे, पण तासाभराहून कमी वेळेला तो चालत नाही. आमचे मूल मधेच अडकते. खासगी विमा कंपन्यांपैकी कुणी हा नियम धरते, कुणी तो. गरिबांसाठीच्या सरकारी विम्याला, मेडिकेडला, मात्र एनसीसीआय 2010पासून लागू आहे, म्हणजे गरीब घरच्या मुलांच्या वाट्याला कडक नियम ठरलेलाच.

औषधाच्या कुप्या वेगळ्या कोडखाली मोजता येतात, हे मान्य. पण नर्सचा वेळ आणि तासभर अडकलेली खोली कुठे मोजायची? खोटी बिले रोखायला हवीत, हेही मान्य. पण तेवढ्यासाठी खऱ्या उपचारावर काट मारणे मला पटत नाही. एका विमा कंपनीने दुसरा आणि तिसरा उपचार नामंजूर केला, तेव्हा कागद हातात घेऊन आईने मला विचारले, "ते दोन द्यायला नको होते का?" द्यायलाच हवे होते. ते दिले नसते तर मूल इमर्जन्सीत गेले असते, आणि तिथला खर्च कितीतरी मोठा असतो.

दोघांनी एकत्र बसून एकच नियम लिहा. प्रत्येक उपचाराची वेळ, आधीचा आणि नंतरचा ऑक्सिजन नोंदवा म्हणा, आम्ही नोंदवू. नोंदवलेल्या प्रत्येक उपचाराचे पैसे मात्र द्या.

आपली,
एक बिलिंग कर्मचारी