उन्हाळा खरेच तापला आहे काय?

एप्रिल महिन्यात निगडीच्या बसथांब्यावर किंवा चाकणच्या चौकात उभे राहा. ‘पूर्वी इतके ऊन नव्हते हो!’ हे वाक्य हमखास कानी पडेल. लगेच दुसरा कोणी म्हणेल, ‘हा सगळा हवामान-बदलाचा प्रताप!’ या दोन्ही वाक्यांवर तुम्ही चटकन विश्वास ठेवू नये, असे माझे मत आहे. ती खोटी आहेत असे मी म्हणत नाही. पण तपासल्यावाचून मान डोलावणे ही विज्ञानाची रीत नव्हे.

प्रथम पुण्याच्या वेधशाळेची नोंद पाहू. शिवाजीनगर येथील सर्वोच्च तापमान ४३.३ अंश सेल्सियस आहे आणि ते नोंदले गेले ३० एप्रिल १८९७ रोजी! त्या वेळी पिंपरीत ना कारखाने होते, ना मोटारींची वर्दळ. पुढे २८ एप्रिल २०१९ रोजी पारा ४३ अंशांपर्यंत चढला, पण जुना उच्चांक मोडला नाही. मग तापमानवाढ ही थापच म्हणायची काय? मुळीच नाही. वर्गातील एका मुलाला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण मिळाले, म्हणून सारा वर्ग हुशार ठरत नाही. त्यासाठी सरासरी काढावी लागते. हवामानाची सरासरी साधारणपणे तीस वर्षांची काढतात.

ही सरासरी काय सांगते? पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तयार केलेला अहवाल २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. याचे मुख्य कारण म्हणजे कार्बन डाय-ऑक्साइडसारखे वायू. १९५८ साली हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे ३१५ भाग होते; आज ते ४२० हून अधिक आहेत. ०.७ हा आकडा लहान दिसतो खरा, पण सरासरी थोडी जरी सरकली, तरी अतिउष्ण दिवसांची संख्या बरीच वाढते.

तरीही आपल्या अंगाची काहिली केवळ एवढ्यानेच होत नाही. पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या १९८१ साली सुमारे अडीच लाख होती. २०११ साली ती सतरा लाखांवर गेली. शेते आणि माळ जाऊन तेथे डांबर, काँक्रीट आणि पत्रे आले. माठातले पाणी गार का होते, हे तुम्हांला ठाऊक आहे. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते. झाडे आणि ओली माती हेच काम करतात. डांबराला ते जमत नाही. ते दिवसभर उष्णता साठवते आणि रात्री परत देते. त्यामुळे शहरातील रात्री गार होत नाहीत. यालाच ‘उष्णतेचे बेट’ म्हणतात.

म्हणजे आपल्याला ताप दोन आहेत: एक साऱ्या जगाचा, दुसरा आपण स्वतः केलेला. माझा आक्षेप आहे तो पहिल्याच्या नावाखाली दुसरा झाकण्यावर. रस्त्याकडेचा वड तोडायचा, शाळेचे अंगण फरशांनी मढवायचे आणि मग ‘हवामान बदलले’ म्हणून सुस्कारा टाकायचा, हा प्रामाणिकपणा नव्हे. याची झळ कोणाला बसते? दिवसभर कारखान्यात राबून रात्री पत्र्याच्या खोलीत झोपेसाठी तळमळणाऱ्या कामगाराला!

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. दोन सारखे तापमापक घ्या. एक झाडाजवळ, दुसरा फरसबंद अंगणाजवळ ठेवा. दोन्ही जमिनीपासून दीड मीटर उंचीवर आणि सावलीत असावेत. उन्हात ठेवलेला तापमापक हवेचे नव्हे, तर स्वतःचेच तापमान दाखवतो! दुपारी तीनला आणि, जमल्यास, रात्री नऊला विद्यार्थ्यांकडून नोंदी करून घ्या. एका उन्हाळ्यातच दुसऱ्या तापाचा अंदाज येईल. पहिल्यासाठी मात्र तीस वर्षे वही जपावी लागेल.

जगाचा ताप उतरवायला साऱ्या जगाचे हात लागतील. अंगणातला ताप उतरवायला मात्र एक कुदळ आणि एक रोप एवढ्यावर सुरुवात करता येते.