मनाच्या वॉर्डातली नर्स नोकरी का सोडते?



आमच्याबरोबर मुंबईत नर्सिंग शिकलेली एक मैत्रीण. आम्ही इस्राएलला आलो, ती पुढे ओमानला गेली. मस्कतला मनोरुग्णांच्या वॉर्डात चार वर्षे काढून परतली. परवा फोनवर आम्ही विचारले, "अगं, पगार बरा होता, मग का सोडलंस?" आम्हाला वाटले, रोग्याने मारले असेल. तसेही होते या कामात. पण ती म्हणाली, "इंजेक्शन देता यायचं गं, बोलता यायचं नाही."

हाड मोडले तर रोगी बोटाने दाखवतो. मन मोडले तर दाखवणार काय? तिने अरबीचे चाळीसेक शब्द वहीत लिहून पाठ केले होते. अलम म्हणजे दुखणे, दवा, नौम म्हणजे झोप. पण रात्री तीन वाजता एखादी बाई रडत काही सांगू लागली की नुसता हात धरून बसायचे. जिन्नाने धरले म्हणणारी आई मात्र तिला लगेच समजली. आपल्या कोकणात दृष्ट काढत नाहीत का!

ओमानात मनोरुग्णांसाठी वेगळे इब्न सिना रुग्णालय 1983 साली निघाले. 2013 मध्ये त्याच्या जागी अल मसर्रा आले. मसर्रा म्हणजे आनंद. (आपल्याकडे 'याला ठाण्याला पाठवा' म्हणून हसायचे. ठाण्याचे मनोरुग्णालय 1901 चे.) तिथे परदेशी नर्सेस पुष्कळ, त्यात आपल्या भारतातल्याही. कंत्राटावर यायचे, मुले आजीपाशी ठेवायची. त्यात ओमानीकरण, म्हणजे नोकऱ्या हळूहळू तिथल्याच लोकांना. आम्हाला विचाराल तर मनाच्या वॉर्डात ते योग्यच. पण आज ना उद्या जायचेच म्हटल्यावर जीव कसा लागणार?

अमेरिकेतल्या क्रिस्टिना मासलॅक बाईंनी 1981 साली या थकण्याचे मोजमाप काढले. आधी माणूस आतून रिकामा होतो, रोगी त्याला वस्तूसारखा वाटू लागतो, आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटते. आमच्या मते हे तिसरेच माणसाला घरी पाठवते. जखम भरलेली दिसते. इथे बरा करून पाठवलेला रोगी तीन महिन्यांत परत दारात उभा.

आम्हाला उल्पान मिळाले, तिला कोण देणार? पण इथेही एकदा आमच्या वॉर्डात आपल्यातली एक आजी होती. म्हातारपणी हिब्रू विसरलेली. सगळ्या म्हणत, ही भ्रमिष्ट आहे, बडबडते. आम्ही जवळ जाऊन ऐकले. ती विचारत होती, "शब्बाथचा दिवा लावला का गं?"

तर मुलांनो, एक काम करा. आजी-आजोबांना विचारून दहा मराठी शब्द हिब्रू अक्षरांत लिहा. पाणी, दुखतं, भीती वाटते, असे. कागद त्यांच्या कुपत होलिमच्या कार्डाबरोबर ठेवा. नर्सला फार उपयोगी पडेल.