पिंपे घडवणाऱ्या माणसाचा माग

#थ्रेड #इतिहास

१/१५
शिकागोच्या ग्रेसलँड दफनभूमीत ॲलन पिंकर्टन याची कबर आहे. अमेरिकेतील सर्वांत गाजलेल्या खासगी गुप्तहेर संस्थेचा हा संस्थापक. दुसऱ्यांनी दडवलेले हुडकून काढण्यावर त्याने कीर्ती मिळवली आणि पैसाही. नवल असे, की त्याच्या स्वतःच्या घराण्याविषयी जे छापले गेले, त्यातील काही भाग कागदाच्या कसोटीवर डळमळतो. स्कॉटलंडमधून परदेशी गेलेल्या एका कारागिराचा कुलवृत्तांत जुन्या नोंदींतून कसा शोधावा, आणि शोधताना आपण आपली कोणती खोड मोडावी, याविषयी आज थोडे विस्ताराने.

२/१५
आधी निर्विवाद भाग पाहू. ॲलनचा जन्म १८१९ मध्ये ग्लासगोच्या गॉर्बल्स या वस्तीत झाला. वडील विल्यम पिंकर्टन, आई इझोबेल मॅक्वीन. लहानपणीच पितृछत्र हरपले, शाळा सुटली आणि पुढे मुलगा कूपरच्या धंद्यात उमेदवारीला लागला. कूपर म्हणजे लाकडी पिंपे घडवणारा कारागीर. फळ्या तासायच्या, उष्णतेने वाकवायच्या आणि कड्यांनी अशा आवळायच्या की थेंबही गळू नये. व्हिस्की, खारवलेले मासे, पीठ, लोणी, सारा व्यापार त्या काळी पिंपांतून चाले. १८४२ मध्ये त्याने जोन कारफ्री हिच्याशी विवाह केला आणि त्याच वर्षी अटलांटिक ओलांडला. पुढे इलिनॉय राज्यात, फॉक्स नदीकाठच्या डंडी या गावी त्याने पिंपांचा स्वतःचा कारखाना थाटला.

३/१५
तो गुप्तहेर झाला तोही पिंपांमुळेच. कड्यांसाठी लाकूड तोडायला तो नदीतल्या एका बेटावर गेला. तेथे कोणीतरी मुक्काम केल्याच्या खुणा दिसल्या, पाळत ठेवल्यावर खोट्या नाण्यांची टोळी हाती लागली आणि गावात नाव झाले. ही हकिकत त्याने स्वतःच सांगितलेली आहे. चरित्रकार मात्र कारखान्यावरून घाईघाईने पुढे जातात आणि गुप्तहेरीत रमतात. माझे मत उलट आहे. या माणसाच्या मुळापर्यंत पोहोचायचे असेल, तर त्याचे पिंप हातचे सोडू नये.

४/१५
कारण नाव फसवे असते. स्कॉटिश कुटुंबांत नाव ठेवण्याची एक जुनी रीत होती: थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचे, तिसऱ्याला स्वतः वडिलांचे. थोरल्या मुलीला आईच्या आईचे. हा नियम नव्हता, प्रघात होता. परिणाम असा, की चार भावांच्या घरी चार विल्यम जन्मत, एकाच पॅरिशमध्ये आणि थोड्याच वर्षांच्या अंतराने. नाव सारखे, आडनाव सारखे, वयही जवळपास तेच. वेगळे काय? एक विणकर, एक चांभार, एक खाणीत, एक कूपर. नाव पाहून गाठ मारली तर परक्याचे आजोबा आपल्या वंशवृक्षावर बसतात. नोंदीत धंदा लिहिलेला असेल, तर तोच माणसाला माणसापासून वेगळा करतो.

५/१५
आता खोडीविषयी. स्कॉटिश पूर्वज सापडला, की पुष्कळांची पहिली धाव कुळाचे टार्टन कापड आणि घराण्याचे राजचिन्ह यांकडे असते. स्कॉटलंडच्या कायद्यानुसार राजचिन्ह घराण्याचे नसते, एका व्यक्तीचे असते. त्याचा अधिकार लॉर्ड लायन यांच्या न्यायालयाकडे आहे आणि तेच आडनाव असल्याने ते कोणालाही लावता येत नाही. १८२२ मध्ये चौथा जॉर्ज एडिंबराला आला, त्या समारंभाने टार्टनची हवा साऱ्या देशात पसरली, ज्यांच्या पूर्वजांचा डोंगराळ मुलुखाशी संबंध नव्हता त्यांच्यातही. कुलवृत्तांत लिहिताना मूळपुरुषाला घोड्यावर बसवण्याचा मोह सर्वत्र सारखाच! पण ज्याने आयुष्यभर रंधा चालवला, त्याच्या हाती वंशजांनी तलवार देणे हा त्याचा गौरव नाही. ते त्याला पुसून टाकणे आहे.

६/१५
मग कागदांकडे वळू. १८५५ पूर्वीचा मुख्य आधार म्हणजे चर्च ऑफ स्कॉटलंडच्या जुन्या पॅरिश नोंदवह्या. सर्वांत जुनी १५५३ ची आहे. बाप्तिस्मा, विवाहापूर्वीची जाहीर पुकारणी, दफन, हे त्यांचे विषय. पण त्या सरकारी जन्मनोंदी नव्हत्या. मूळ चर्चमधून फुटून निघालेल्या पंथांची मुले त्यांत बहुधा नसत. शिवाय १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता. ज्याला तीन पेन्स जड वाटले, त्याने नोंदच केली नाही. म्हणून ‘नोंद नाही’ याचा अर्थ ‘माणूस नव्हता’ असा काढू नये. कधी कधी त्याचा अर्थ एवढाच असतो, की त्या आठवड्यात घरात पैसे नव्हते.

७/१५
तारखांचेही तसेच. पिंकर्टनची जन्मतारीख एका ग्रंथात २१ ऑगस्ट आढळते, तर दुसऱ्यात २५ ऑगस्ट. अशा वेळी एक तारीख निवडून दुसरी खोडण्याची घाई करू नये. आधी विचारावे, ही तारीख कशाची? काही पाद्री जन्मदिवस लिहीत, काही बाप्तिस्म्याचा, काही दोन्ही. नोंद वाचण्यापूर्वी ती नोंद ठेवण्याची रीत वाचावी लागते.

८/१५
१८४१ ची जनगणना ही प्रत्येकाचे नाव टिपणारी स्कॉटलंडमधील पहिली. ॲलन तेव्हा तेथेच होता. पण या जनगणनेत पंधरा वर्षांवरील व्यक्तीचे वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहीत. बावीस वर्षांचा तरुण वीसचा होई आणि एकोणतीसचा पंचवीसचा. जन्मस्थळाच्या रकान्यात एवढेच, की याच काउंटीत जन्म झाला की नाही. गावाचे नाव नाही, कुटुंबप्रमुखाशी नातेही नाही. ती माहिती १८५१ पासून मिळू लागते. १८४१ च्या पानावर माणसाला इतरांपासून वेगळे करणारी सर्वांत भक्कम खूण कोणती? पुन्हा तीच, धंद्याचा रकाना.

९/१५
१ जानेवारी १८५५ रोजी स्कॉटलंडमध्ये सक्तीची सरकारी नोंदणी सुरू झाली आणि पहिल्याच वर्षी अधिकाऱ्यांनी कमाल केली. जन्मनोंदीत आईवडिलांची वये, त्यांची जन्मस्थळे, विवाहाची तारीख व ठिकाण, आधीची अपत्ये किती, हयात किती, सारे विचारले. काम झेपेना, म्हणून पुढच्याच वर्षी बरेच रकाने कमी केले. तरीही स्कॉटिश मृत्युनोंदीची एक थोरवी टिकून राहिली. तीत मृताच्या आई व वडील दोघांची नावे असतात, वडिलांचा धंदा असतो आणि आईचे माहेरचे आडनावही असते. स्कॉटलंडमधील कागदांत विवाहित स्त्रीचे माहेरचे नाव पुसले जात नाही. संशोधकासाठी ही केवढी मोठी देणगी आहे!

१०/१५
येथे या थ्रेडचा मुख्य मुद्दा येतो. आपला माणूस १८४२ मध्ये गेला. १८५५ च्या या उत्तम नोंदींत तो असणार नाही. मग या नोंदींचा उपयोग काय? उपयोग असा, की त्याची भावंडे सगळी गेली नसतील. मागे राहिलेला एखादा भाऊ, एखादी बहीण १८५५ नंतर स्कॉटलंडमध्येच वारली असेल, तर तिच्या मृत्युनोंदीत आईवडील सापडतात, आणि ते आपल्या माणसाचेही आईवडील असतात. जो देश सोडून गेला, त्याचे मूळ जो गेला नाही त्याच्या कागदात असते. आपण मात्र सारी शक्ती जहाज शोधण्यात घालवतो.

११/१५
हीच रीत पिंकर्टनच्या वडिलांना लावून पाहू. वडील ग्लासगो पोलिसांत सार्जंट होते, असे अनेक ठिकाणी छापलेले आहे. पोलिसाचा मुलगा गुप्तहेर झाला, ही गोष्ट किती सुबक! तिच्या एका प्रचलित रूपात तर ते चार्टिस्टांच्या दंगलीत जायबंदी झाले असेही येते. पण मताधिकाराची मागणी करणारी चार्टिस्ट चळवळ ज्या सनदेवरून ओळखली जाते, ती १८३८ ची. ॲलन लहान असतानाच वडील वारले असतील, तर त्या चळवळीच्या दंगलीत ते कसे सापडतील? पुढे तरुण ॲलन स्वतःच चार्टिस्ट झाला. बापाच्या नि मुलाच्या आयुष्यांतील घटना एकमेकींत मिसळल्या, असे मला वाटते. पुढच्या संशोधकांनी वडिलांना हातमागावरचा विणकर मानले आहे. कथा जितकी सुबक, तितकी ती अधिक तपासावी.

१२/१५
प्रवासाची गोष्टही अशीच. जहाज सेबल बेटाजवळ फुटले आणि नवविवाहित जोडपे कसेबसे वाचले, अशी हकिकत आहे. ती खोटी म्हणण्याचे कारण नाही. पण तिला प्रवासी यादीचा आधार मिळेल, अशी अपेक्षाही धरू नये. अमेरिकेच्या बंदरांत उतारूंच्या याद्या १८२० पासून आहेत. ब्रिटन सोडणाऱ्यांच्या याद्या मात्र सलगपणे १८९० पासूनच मिळतात. क्वेबेकला उतरणाऱ्यांच्या १८६५ पासून. कॅनडातून जमिनीच्या वाटेने अमेरिकेत शिरणाऱ्यांच्या १८९५ पासून. १८४२ मध्ये कॅनडामार्गे आलेला कारागीर या साऱ्या जाळ्यांतून सहज निसटतो. त्यात त्याची लबाडी नाही. जाळेच अजून विणलेले नव्हते.

१३/१५
अमेरिकेत पोहोचल्यावर १८५० च्या जनगणनेत घरातील प्रत्येकाचे नाव प्रथमच येते. जन्मस्थळ म्हणून बहुधा एकच शब्द असतो, ‘स्कॉटलंड’. १९०६ पूर्वीचे नागरिकत्वाचे कागद कोणत्याही पात्र न्यायालयात होत आणि त्यांतही अनेकदा देशापलीकडे काही नसते. त्यात ऑक्टोबर १८७१ ची शिकागोची आग. कुक काउंटीचे न्यायालय जळाले, तेथली दफ्तरे जळाली आणि पिंकर्टनच्या कचेरीतील जुने कागदही गेले. पण डंडी गाव केन काउंटीत आहे. तेथील कारभार जिनीव्हा या गावातून चाले. म्हणून ‘सगळे आगीत गेले’ असे म्हणण्यापूर्वी, आपला माणूस त्या वर्षी कोणत्या काउंटीच्या हद्दीत होता, हे नकाशावर पाहावे.

१४/१५
आणि एक कागद, जो मला सर्वांत बोलका वाटतो. १८४५ च्या कायद्यानंतर स्कॉटलंडमध्ये मदत मागणाऱ्या गरिबाची कसून चौकशी होई, कारण त्याचा खर्च कोणत्या पॅरिशने सोसायचा हे ठरवायचे असे. जन्म कोठे, आईवडील कोण, विवाह केव्हा, कोणत्या पत्त्यांवर राहिला, मुले किती, सारे लिहिले जाई. ग्लासगोच्या मिचेल ग्रंथालयातील नगर अभिलेखागारात असे अर्ज जतन केलेले आहेत. पुष्कळ सुस्थित कारागिरांच्या वाट्याला दोन ओळींची नोंद येते आणि उपाशी विधवेचे मात्र पानभर चरित्र मिळते. ते तिने अभिमानाने सांगितलेले नाही. भाकरीसाठी सांगावे लागले आहे. ते पान वाचताना घाई करू नये आणि घराण्याची लाज म्हणून ते झाकूनही ठेवू नये.

१५/१५
सारांश. कागद म्हणजे सत्य नव्हे, ती साक्ष आहे. मृत्युनोंदीतील वडिलांचे नाव ज्याने सांगितले, तो जावई असेल, शेजारी असेल. त्याला माहीत तेवढेच तेथे आले. घरची दंतकथा हीसुद्धा साक्षच. ती फेकू नये, तिची उलटतपासणी करावी. तयार वंशवृक्षांची नक्कल करण्यापेक्षा एक मूळ नोंद स्वतः वाचावी. नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंडच्या स्कॉटलंड्सपीपल या संकेतस्थळावर पॅरिश नोंदवह्यांच्या आणि जनगणनेच्या प्रतिमा आज घरबसल्या पाहता येतात. तेथे एखाद्या रकान्यात ‘कूपर’ किंवा ‘विणकर’ हा शब्द दिसला, तर तेथे थांबा. त्या माणसाने स्वतःविषयी राज्याला सांगितलेली बहुधा तेवढीच गोष्ट आहे. तीवर किल्ला बांधू नका. ती जशी आहे तशी पुढच्या पिढीच्या हाती द्या.