मध्य रेल्वे मुख्यालयाची इमारत शनिवार-रविवारी पाहता यावी

प्रति,
मा. महाव्यवस्थापक, मध्य रेल्वे,
छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, मुंबई.

विषय : मुख्यालयाची वारसा इमारत सुटीच्या दिवशी मराठीतून माहितीसह दाखवण्याबाबत.

महोदय,

फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ ते १८८८ या काळात उभी राहिलेली आपली इमारत २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. फलाटांवरून रोज लाखो प्रवासी येजा करतात. पण मधल्या घुमटाखाली भिंतीच्या आधाराने वर चढत जाणारा दगडी जिना त्यांतल्या फार थोड्यांनी पाहिला असेल. आतला भाग पाहण्याची सोय कामाच्या दिवसांपुरती आहे. आमच्या पळसदरीहून जाऊन-येऊन लोकलमध्येच चार तासांहून अधिक वेळ जातो. नोकरदाराला त्यासाठी रजा टाकावी लागते, मुलांची शाळा बुडते.

या इमारतीवर आमच्या भागाचा हक्क जुना आहे. पळसदरीपासून वर चढणारा बोरघाटातला रेल्वेमार्ग १८६३ मध्ये खुला झाला. ३७ फुटांमागे १ फूट चढ आणि २५ बोगदे असलेल्या या कामावर १८६१ मध्ये ४० हजारांहून अधिक मजूर राबत होते. पटकीच्या साथींत त्यांतले कित्येक दगावले. हा घाट झाला म्हणून दख्खनचा कापूस रेल्वेने थेट मुंबई बंदरात पोचू लागला, तेव्हाच्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा व्याप वाढला आणि एवढ्या डौलाचे मुख्यालय तिला परवडले. तेव्हा इमारत दाखवताना स्टीव्हन्स यांच्या नावाबरोबर घाटातल्या मजुरांचीही हकीकत सांगितली जावी, तीही मराठीत.

सुरक्षेचा आणि कार्यालयीन कामाचा प्रश्न निघेल, आणि तो रास्तच आहे. परंतु समोरच्याच महापालिका मुख्यालयात, तेही स्टीव्हन्स यांचेच, २०२१ मध्ये वारसा फेरी सुरू झाली ती शनिवार-रविवारी. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयानेही सुटीच्या दिवशी आपली इमारत दाखवायला सुरुवात केली. दोन्हीकडे कामाला खीळ न बसण्याचे कारण उघड आहे : त्या दिवशी कचेऱ्या बंद असतात. आगाऊ नोंदणी, ओळखपत्राची तपासणी आणि सोबत माहितगार असलेली लहान तुकडी एवढ्या अटी आम्हाला मान्य आहेत. गर्दीने वास्तूची झीज होईल ही भीतीही तुकडीची संख्या ठरवून दिल्यास उरत नाही. मनुष्यबळाची अडचण असेल, तर घाटात नोकरी केलेल्या निवृत्त चालक-गार्डांना मानधनावर बोलवावे. चढावर गाडीला मागून रेटणारे बँकर इंजिन कसे लावतात हे त्यांच्याइतके नेमके कोण सांगणार?

आरंभी महिन्यातून एका रविवारी फेरी ठेवावी, विद्यार्थ्यांना निम्मे शुल्क आकारावे आणि कर्जत-खालापूरच्या शाळांसाठी एक तुकडी राखून ठेवावी, अशी आमची विनंती आहे. निर्णय लेखी कळवावा.

आपले,
पळसदरी परिसरातील रहिवासी व रेल्वे प्रवासी