माळ्यावरची हत्यारं

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आम्ही वर्षातून एकदा माळा उतरवतो. यंदाही जुन्या गोधड्या, मुलांच्या पहिलीपासूनच्या वह्या, झाकण हरवलेले डबे सगळं खाली आलं. पण अर्धी खोली अडवली ती लोखंडाने. ड्रिल मशीन दोन, ग्राइंडर एक, पान्ह्यांची भलीमोठी सुटकेस, आणि जिन्याखालचा कॉम्प्रेसर वेगळाच. यातलं एकही धड वापरात नाही.

त्याच दिवशी भाचा आला. आयटीआयचा कोर्स संपवून त्याला आता स्वतःचं टू-व्हीलर गॅरेज टाकायचं आहे. ढीग पाहून त्याचे डोळे चमकले. "खाला, यातलं मी काय काय नेऊ?" आम्ही म्हणालो, "बस आधी. कुठली वस्तू कशी आली ते ऐक, मग ने."

सगळ्यात जुनं ड्रिल मोठ्या मामूंनी 1994 साली सौदीहून आणलेलं. दोरीने करकचून बांधलेलं ते खोकं आजही आठवतं. वर कंबल, साबण, अत्तराच्या बाटल्या आणि मधोमध टॉवेलात गुंडाळलेलं हे मशीन. पिनेचे चपटे पाय आपल्या सॉकेटात जाईनात, म्हणून शेजारच्या वायरमनने पिन बदलून दिली. बटण दाबलं, मशीन भन्नाट वेगाने फिरलं आणि भिंतीला भोक पडायच्या आत धूर निघाला. सौदीत त्या काळी पुष्कळ ठिकाणी 127 व्होल्टची वीज असे, आपल्याकडे 230. पिन बसली म्हणजे वीज जुळली असं नसतं, हे मामूंना ठाऊक नव्हतं आणि आम्हालाही. मामूंच्या वाटेने आजही आपल्या किती घरांत परदेशाहून यंत्रं येतात. बटण दाबण्याआधी मशीनवरच्या पाटीवरचा व्होल्टचा आकडा तेवढा वाचत जा. मामू हयात होते तोवर आम्ही ते ड्रिल टाकलं नाही, आणि आता ते गेल्यावर तर टाकवतच नाही.

दुसरं ड्रिल बॅटरीवरचं, मुलांच्या अब्बांनी सेलमध्ये घेतलेलं. खोक्यावर ठळक अक्षरांत 21 व्होल्ट. शेजाऱ्यांकडचं 18 चं, म्हणून आपलं भारी असा घरात बरेच दिवस तोरा होता. मग बॅटरी बसली तेव्हा दुरुस्तीवाल्याने ती उघडून दाखवली. आत लिथियमचे पाच सेल. एका सेलचा नेहमीचा दाब 3.6 व्होल्ट, पूर्ण भरल्यावर 4.2. पाचाने गुणलं की एकदा 18 येतात, एकदा 21. म्हणजे बॅटरी तीच, नावं दोन! इतकी वर्षं मुलांना गुणाकार शिकवतो आम्ही, पण दुकानात तो सुचला नाही. खरं दुखणं पुढेच होतं. तसली बॅटरी पुन्हा कुठे मिळेना. मशीन ठणठणीत आणि बॅटरी मेलेली, असं ते दोन वर्षं पडून आहे. बॅटरीचं मशीन घेताना तीच बॅटरी सुटी मिळते का, हे दुकानदाराला आधी विचारायला हवं होतं.

शिवाय ज्यासाठी ते घेतलं ते कामही त्याने केलंच नाही. पडद्याचा रॉड खिडकीवरच्या लिंटेलमध्ये बसवायचा होता. विटेच्या भिंतीत भोक पडतं, पण सिमेंट-खडीच्या लिंटेलला साधं ड्रिल नुसतं घासत बसतं. शेवटी प्लंबरने त्याचं हॅमर मशीन आणून चहा होईस्तोवर चार भोकं पाडून दिली. त्या मशीनच्या पोटात दट्ट्या असतो, तो खरोखर ठोके मारतो.

ग्राइंडरबद्दल आम्ही फार बोलत नाही. मशीन चार इंची, मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे. अब्बांनी त्यावरचं लोखंडी कव्हर काढलं आणि लाकूड कापायची दातेरी चकती चढवली, कारण पलंगाची एक फळी कापायची होती आणि करवत कुठे ठेवली ते आठवत नव्हतं. दातेरी चकती लाकडात अडकली की मशीन हातातून उसळतं. डाव्या तळव्याला सात टाके पडले. आजही थंडीत त्यांची करंगळी पूर्ण मिटत नाही. करवत दुसऱ्या दिवशी दाराआड सापडली.

मग सुटकेस उघडली. ती आमच्या धाकट्या भावाची.

तो 2020 साली कुवेतहून नोकरी संपवून परत आला. हिशेबाचे जे पैसे मिळाले त्यातून हमरस्त्यालगत गाळा घेतला आणि पहिल्याच आठवड्यात सगळी हत्यारं आणली. गाडी वर उचलणारा रॅम्प, कॉम्प्रेसर, हवेची गन आणि हा एकशे आठ नगांचा सेट. एक लाख चाळीस हजार गेले. रोज बसल्या बसल्या तो सेट पुसायचा, कारण गिऱ्हाईक यायचंच नाही. आलं तर ब्रेक टाइट करायला, नाहीतर हवा भरायला.

एकशे आठातल्या कामाला आल्या त्या 8, 10, 12, 14 आणि 17 च्या गोट्या. कितीतरी नग इंची मापाचे निघाले. जुनी बुलेट सोडली तर आपल्याकडच्या गाड्यांना त्यांचा काय उपयोग? शिवाय गोट्या बारा कोनांच्या. गंजलेल्या नटावर तसली गोटी जोर लावला की कोपरे खाते आणि नट गुळगुळीत होतो. सहा कोनांची सपाट बाजूला धरते. हे त्याला पहिल्या भांडणानंतर कळलं, गिऱ्हाइकाचा नट गेल्यावर. हवेची गन 24 लिटरच्या टाकीवर दोन-चार नट सोडवून दमायची, मग टाकी भरेपर्यंत गिऱ्हाईक आणि भाऊ दोघेही एकमेकांकडे बघत उभे.

आठव्या महिन्यात गाळा सोडला. रॅम्प निम्म्या किमतीत गेला, कॉम्प्रेसरला कुणी विचारेना. भावजयीला ते सामान डोळ्यांसमोर नको होतं, म्हणून ते आमच्याकडे आलं. भाऊ आता दुसऱ्याच्या गॅरेजात जातो आणि या विषयावर बोलत नाही. वाचकांना सांगायला हरकत नाही, "सुरुवात करायची तर दणक्यात कर" हे त्याला सांगणारे आम्हीच होतो. गॅरेज आतून कधी पाहिलं नव्हतं, पण शिकवायची सवय जात नाही.

वर्षातून दोनदा लागणाऱ्या वस्तू प्रत्येक घरात कशाला हव्यात, असं आता वाटतं. मोहल्ल्यात एक शिडी, एक हॅमर मशीन पुरे. कुरआनातल्या 'माऊन' या शब्दाचा अर्थ सांगताना जुन्या भाष्यकारांनी बादली, कुऱ्हाड, भांडं अशा शेजाऱ्याला द्यायच्या वस्तूच मोजल्या आहेत. आमच्या प्लंबरने ते न वाचताच केलं.

संध्याकाळी भाऊ भाच्याला न्यायला आला. सुटकेस उघडी होती. आम्हाला वाटलं आता उठून जाईल. पण तो खाली बसला, सतरंजी ओढली आणि एकेक नग वेगळा करू लागला. भाच्यापुढे रिंग पान्हे आले, पक्कड आली, गोट्या पाचच. "सहा कोनांच्या घेशील तेव्हा याही फेकून दे," एवढंच बोलला. कॉम्प्रेसर मागितल्यावर म्हणाला, "आधी सहा महिने माझ्याबरोबर ये. कुठलं हत्यार दिवसातून कितीदा हातात येतं ते वहीत लिही. मग बघू."

तळाशी एक जाडजूड, काळा पडलेला इम्पॅक्ट ड्रायव्हर होता. हातोडीने ठोकला की एकाच वेळी स्क्रूत रुततो आणि फिरतोही. आपल्याकडच्या पुष्कळ गाड्यांच्या इंजिनाच्या कव्हरला जपानी घडणीचे स्क्रू असतात, साध्या स्क्रू ड्रायव्हरने त्यांची खाच खाऊन जाते. तिथे हा लागतो. एका म्हाताऱ्या मिस्त्रीने गॅरेज बंद व्हायच्या आठवड्यात तो त्याला तीनशे रुपयांत दिला होता. भाच्याने हात पुढे केला.

"हा नाही," भाऊ म्हणाला, आणि शर्टाला पुसून तो त्याने स्वतःच्या पिशवीत टाकला.